आभासी चलन आणि खरे नाव

कागल गावाला लागून पुणे–बंगळूर महामार्ग जातो. या रस्त्यावरून रात्रंदिवस ट्रक धावत असतात. कुणात साखरेची पोती असतात, तर कुणात पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचे लोखंडी सुटे भाग. दूधगंगेचा पूल ओलांडला की कर्नाटक सुरू होते. अशा एखाद्या ट्रकच्या चालकाला थांबवून विचारलेत, तर तो मालाचे ई-वे बिल दाखवील. ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचा असेल, तर १ एप्रिल २०१८ पासून साधारणपणे हे बिल लागते. माल कुणी पाठवला, कुणाला पोचवायचा, किंमत किती, गाडीचा क्रमांक काय, हे सारे त्यात नोंदलेले असते. बिल मागितले म्हणून आपल्याला चोर ठरवले, असे कोणत्याही चालकाला वाटत नाही. माल प्रवासाला निघाला की पाठवणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव त्याच्यासोबत निघते, एवढाच त्याचा अर्थ.

हे उदाहरण मला एका विद्यार्थ्याच्या प्रश्नामुळे आठवले. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्गाला किरचॉफचे नियम शिकवून झाले होते. तास संपल्यावर तो टेबलाजवळ आला आणि म्हणाला, "सर, बिटकॉइनमध्ये सगळा हिशेब गणितच तपासतं ना? मग ते विकत घेताना आधार, पॅन आणि चेहऱ्याचा फोटो कशाला मागतात? गणितावर विश्वास नाही का सरकारचा?"

प्रश्न चांगला होता. वर्गात आलेल्या चांगल्या प्रश्नाला घाईचे उत्तर देऊ नये. मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. त्याला जे सांगितले, तेच थोड्या विस्ताराने येथे मांडतो.

गणित काय तपासते?

विद्युत् मंडलातल्या कोणत्याही संधीबिंदूत जेवढी धारा आत येते, तेवढीच बाहेर जाते, हा किरचॉफचा पहिला नियम तुम्हाला ठाऊक आहे. बिटकॉइनचा प्रत्येक व्यवहार असाच एक संधीबिंदू असतो. समजा, माझ्याजवळ ५ नाणी आहेत आणि त्यांतली ३ मला तुम्हाला द्यायची आहेत. मग व्यवहारात ५ आत येतात. ३ तुमच्या पत्त्यावर जातात, १.९९ माझ्याकडे परत येतात आणि ०.०१ नोंद करणाऱ्याचे शुल्क म्हणून जाते. आत आले तेवढेच बाहेर गेले. ही बेरीज जगभरातले हजारो संगणक आपापल्या परीने तपासतात. साधारण दर दहा मिनिटांनी नव्या व्यवहारांचे एक पान सार्वजनिक वहीला जोडले जाते. वहीचे पहिले पान ३ जानेवारी २००९ रोजी लिहिले गेले. मागचे पान कुणी गुपचूप बदलू पाहील, तर त्याच्या पुढच्या साऱ्या पानांची खूण बिघडते आणि लबाडी उघडी पडते.

यात नाण्याचा मालक कोण? ज्याच्याजवळ गुप्त किल्ली आहे तो. ही किल्ली म्हणजे एक प्रचंड संख्या होय. अशा किती किल्ल्या असू शकतात? जवळजवळ २ चा २५६ वा घात, म्हणजे ७८ अंकी संख्या भरेल इतक्या. अंदाजाने दुसऱ्याची किल्ली शोधू म्हणणाऱ्याला विश्वाचे वयही पुरणार नाही. व्यवहारावर किल्लीची सही उमटते, पण किल्ली स्वतः उघड होत नाही. ही रचना खरोखर सुंदर आहे, आणि गणिताची आवड असणाऱ्याने ती जरूर अभ्यासावी.

तेव्हा गणित तीन गोष्टी सिद्ध करते. हिशेब जुळला, एकच नाणे दोनदा खर्च झाले नाही आणि सही योग्य किल्लीची आहे. आता चौथी गोष्ट पाहा: ती किल्ली कुणाच्या हातात आहे? याबद्दल गणित एक अक्षरही बोलत नाही.

आमच्या प्रयोगशाळेत भिंगांचे एक कपाट आहे. त्याचे कुलूप उत्तम आहे. पण ते किल्ली ओळखते, माणूस ओळखत नाही. प्रयोगशाळा-साहाय्यकाने किल्ली फिरवली तरी ते उघडेल आणि त्याच्या खिशातून ती पळवणाऱ्याने फिरवली तरीही उघडेल. म्हणून कुलपाच्या जोडीला आम्ही एक नोंदवही ठेवतो. कुणी, कधी, काय नेले, हे तिच्यात लिहितो आणि खाली सही घेतो. कुलपाचे काम वहीने होत नाही आणि वहीचे काम कुलपाने होत नाही. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते.

शाई नदीत विरघळते, वहीत नाही

चोरीचा, लाचेचा किंवा फसवणुकीचा पैसा अनेक हातांतून फिरवायचा आणि तो कष्टाचा असल्यासारखा बाहेर काढायचा, याला मनी लाँडरिंग म्हणतात. दूधगंगेत शाईचा थेंब टाकला तर थोड्या अंतरावर तो दिसेनासा होतो. लबाड माणसाची इच्छा तीच असते. त्याला आपला पैसा इतक्या खात्यांत मिसळायचा असतो, की मूळ रंग कुणाला ओळखता येऊ नये.

आभासी चलनाच्या वहीत मात्र शाई सहसा विरघळत नाही. नाणी शंभर पत्त्यांवर विखुरली, तरी शंभरही नोंदी कायमच्या राहतात. २०१६ च्या ऑगस्टमध्ये बिटफिनेक्स या परदेशी एक्स्चेंजमधून १,१९,७५६ बिटकॉइन चोरीला गेले. चोरीचा माल कोणत्या पत्त्यांवर आहे, हे जगातला कुणीही वहीत पाहू शकत होता. तरीही चोर सापडायला साडेपाच वर्षे लागली, कारण पत्त्यावर नाव नव्हते. चोरट्यांनी काही नाणी अनेक वळणे घेऊन अशा एक्स्चेंजांत नेली होती, जिथे खाते उघडताना खरी ओळख द्यावी लागली होती. तपासाचा धागा तिथे माणसापर्यंत पोचला. २०२२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत एका जोडप्याला अटक झाली आणि ९४,००० हून अधिक बिटकॉइन जप्त झाले.

येथे वहीने वाट दाखवली आणि दारावरच्या ओळखीने माणूस दाखवला. दोहोंपैकी एक नसते, तर दुसरे अपुरे पडले असते.

आपल्या पुण्याचे प्रकरण

इतक्या दूर जायचीही गरज नाही. 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेत महाराष्ट्रासह देशभरातल्या अनेक लोकांनी आपली बिटकॉइन गुंतवली. दरमहा १० टक्के परतावा, तोही अठरा महिने, असे आश्वासन होते. म्हणजे दीड वर्षात १ चे १.८ होणार. कोणत्या प्रामाणिक धंद्यात असे होते, हा प्रश्न आठवीच्या मुलानेही विचारायला हवा होता. २०१८ साली पुणे पोलिसांनी योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला अटक केली. २०२२ च्या जानेवारीत तो मरण पावला. त्याच वर्षी मार्चमध्ये आणखी एक धक्कादायक गोष्ट घडली. तपासाला मदत करण्यासाठी बोलावलेल्या दोघा तज्ज्ञांनाच पुणे पोलिसांनी अटक केली. जप्त करायच्या नाण्यांतली काही परस्पर वळवल्याचा आणि खात्यांची फेरफार केलेली छायाचित्रे पोलिसांना दिल्याचा आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातले खटले सीबीआयकडे सोपवले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने साठहून अधिक ठिकाणी झडत्या घेतल्या. इतकी वर्षे लोटली, तरी आपली नाणी शेवटी कुणाच्या हातात गेली, याचे उत्तर अनेक गुंतवणूकदार शोधत आहेत.

या प्रकरणातून मला दोन गोष्टी शिकण्यासारख्या वाटतात. पहिली अशी, की ठाऊक असलेले नाव म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. योजनेच्या प्रमुखाचे नाव आणि चेहरा लोकांना माहीत होता. नाणी ज्या पत्त्यांवर पुढे गेली त्यांची नावे माहीत नव्हती. दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल. मापन स्वतः करावे. वही सर्वांना खुली असताना तिच्या छायाचित्रावर विसंबू नये.

प्रवासाचा नियम

मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा आपल्या देशात २००२ साली संमत झाला आणि १ जुलै २००५ पासून लागू झाला. बँका त्याच्या कक्षेत होत्याच. ७ मार्च २०२३ रोजी केंद्रीय अर्थ मंत्रालयाने अधिसूचना काढून आभासी चलनाची खरेदी-विक्री, हस्तांतरण आणि साठवण करणाऱ्या संस्थांनाही या कायद्याखाली आणले. त्यांनी ग्राहकाची ओळख तपासायची, नोंदी पाच वर्षे जपायच्या आणि संशयास्पद व्यवहार दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवायचे. परदेशी संस्थेलाही भारतातल्या ग्राहकांना सेवा द्यायची असेल, तर तिथे नाव नोंदवावे लागते. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अशी नोंदणी न केलेल्या नऊ परदेशी संस्थांना नोटिसा गेल्या. त्यांतल्या बायनान्सला २०२४ च्या जूनमध्ये १८ कोटी ८२ लाख रुपयांचा दंड झाला.

यातच 'ट्रॅव्हल रूल', म्हणजे प्रवासाचा नियम येतो. एका एक्स्चेंजमधून दुसऱ्या एक्स्चेंजमध्ये नाणी जाताना पाठवणाऱ्याचे नाव, त्याचा खाते-पत्ता व ओळख, आणि घेणाऱ्याचे नाव व खाते-पत्ता ही माहिती सोबत गेली पाहिजे. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि पॅरिसमधून काम करणाऱ्या फायनान्शियल ॲक्शन टास्क फोर्स या आंतरराष्ट्रीय संघटनेने बँकांच्या रकमांसाठी असा नियम २००१ मध्येच सुचवला होता. २०१९ च्या जूनमध्ये तो आभासी चलनालाही लावण्यात आला.

एक बारीक मुद्दा लक्षात घ्या. ही नावे सार्वजनिक वहीत लिहिली जात नाहीत. नाणी वहीच्या वाटेने जातात आणि नावे दोन संस्थांमधल्या बंद, वेगळ्या वाटेने. ट्रकमधल्या पोत्यांवर कुणी व्यापाऱ्याची कुंडली छापत नाही. बिल चालकाजवळ असते. तसेच हे आहे.

आणि ही कल्पना परदेशातून आली असेही समजू नका. आपल्याकडचे सावकार आणि व्यापारी शेकडो वर्षे हुंडीने पैसे पाठवीत आले. हुंडीचा एक प्रकार होता शाहजोग हुंडी. तिचे पैसे हुंडी घेऊन येणाऱ्या कुणालाही मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शाह'लाच, म्हणजे प्रतिष्ठित व्यापाऱ्यालाच ते मिळत. पुढे हुंडी खोटी किंवा चोरीची निघाली, तर कुणाच्या दारात जाऊन पैसे परत मागायचे हे ठाऊक असे. कागद खरा आहे की नाही एवढेच पाहून आपले पूर्वज थांबले नाहीत. तो कुणाच्या हातातून आला, हेही त्यांनी विचारले.

आक्षेप खोटे नाहीत

या नियमावर आक्षेप घेणारे सारेच लबाड असतात, असे मी मानत नाही. त्यांचा पहिला आक्षेप खासगीपणाचा आहे. बँकेच्या पासबुकात कुणी डोकावले, तर त्याला एक पासबुक दिसते. पण सार्वजनिक वहीतला पत्ता कुणाचा आहे हे एकदा फुटले, की त्या पत्त्यावरून झालेले मागचे आणि पुढचे सारे व्यवहार उघडे पडतात. शाई विरघळत नाही, हे चोराला जसे लागू आहे तसे सज्जनालाही. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की जो नाव मागतो त्याने ते तिजोरीसारखे जपले पाहिजे, गरजेपेक्षा एक ओळही अधिक मागू नये आणि ती तिजोरी कायद्याच्या आदेशाशिवाय उघडू नये. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी आपल्या संसदेने २०२३ मध्ये कायदा केला आहे. त्याचा धाक या संस्थांना वाटायला हवा.

दुसरा आक्षेप असा, की एक्स्चेंज टाळून दोन माणसे आपापल्या किल्ल्यांनी परस्पर व्यवहार करू शकतात. तिथे दार नाही आणि दारवानही नाही. हे खरे आहे. पण चोरालाही कधीतरी घर, गाडी, किराणा लागतो. नाण्यांचे रुपये करायला तो बहुधा कोणत्या ना कोणत्या दाराशी येतोच. चाळणीतून थोडे खडे निसटतात म्हणून आपण धान्य चाळणे सोडत नाही.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा सावधगिरीची आहे. ओळख तपासली म्हणजे पैसे सुरक्षित झाले, असे नाही. वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजवर ग्राहकांची ओळख तपासली जात होती. तरीही जुलै २०२४ मध्ये तिथून सुमारे २३ कोटी डॉलर किमतीचे आभासी चलन चोरीला गेले. नियम चोर शोधायला मदत करतो, कुलपाची हमी देत नाही. हे चलन विकत घ्या, असेही मी कुणाला सुचवीत नाही.

"नाव तेवढं दिलं"

आता ज्या प्रसंगामुळे हा लेख लिहावासा वाटला, तो सांगतो. एके संध्याकाळी शेजारच्या गावातला माझा एक माजी विद्यार्थी वडिलांना घेऊन घरी आला. वय एकोणीस. मोबाइलवर ओळख झालेल्या कुणीतरी त्याला ३,००० रुपये देऊ केले होते. काम सोपे होते. स्वतःच्या पॅन-आधारवर एका एक्स्चेंजमध्ये खाते उघडायचे, कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवायचा, आपले बँकखाते जोडायचे आणि येणारे ओटीपी त्या माणसाला कळवायचे. पोराने ते केले. महिनाभराने त्याचे बँकखाते गोठवले गेले. दुसऱ्या राज्यात कुणाची तरी फसवणूक झाली होती. तो पैसा या खात्यात आला, तिथून एक्स्चेंजमध्ये गेला, त्याची नाणी झाली आणि ती निघून गेली. पोलिसांच्या हाती लागलेले नाव आमच्या या मुलाचे होते. त्याच खात्यात त्याची शिष्यवृत्ती होती. बहिणीच्या प्रवेशासाठी म्हैस विकून आलेले ४२,००० रुपयेही वडिलांनी तिथेच ठेवले होते.

वडील पुन्हा पुन्हा म्हणत होते, "सर, त्यानं चोरी न्हाई केली. नाव तेवढं दिलं."

मी काय बोलणार? त्यांचे म्हणणे खोटे नव्हते, आणि सारा घोटाळा त्याच तीन शब्दांत होता. जबाब देणे, कागद पुरवणे, फेऱ्या मारणे यांत पाच महिने गेले. मग खात्यातली त्यांची स्वतःची रक्कम मोकळी झाली. बहिणीचा प्रवेश पतसंस्थेच्या कर्जावर झाला. ज्याने ३,००० रुपये देऊ केले होते, त्याचे खरे नाव आजही कुणाला माहीत नाही.

विचार करा, येथे गणित चुकले का? नाही. सही योग्य किल्लीची होती. नियम मोडला का? कागदोपत्री तोही पाळला गेला. नाव खरे, पॅन खरे, चेहरा खरा. फक्त त्या नावाचा माणूस व्यवहार करीत नव्हता. कुलूप किल्लीपर्यंत पोचते आणि कायदा नावापर्यंत पोचतो. त्या नावामागे तोच माणूस उभा राहील, ही शेवटची कडी मात्र गणितात नाही आणि कायद्यातही नाही. ती आपल्या हातात आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की ओळखीचा नियम सरकारी कटकट मानू नका. ते तुमच्या नावाचे राखण आहे. नाव भाड्याने देणारा ते राखण स्वतःच उठवून लावतो.

तुमच्यापैकी अनेकांचे शिष्यवृत्तीसाठी उघडलेले बँकखाते असेल. ते, त्याचे कार्ड, त्यावर येणारा ओटीपी आणि आपला चेहरा या चार वस्तू कुणालाही, मित्रालासुद्धा, वापरायला देऊ नका. चूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. घरी सांगा, बँकेला कळवा आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करा. तक्रार जितकी लवकर होईल, तितका पैसा अडण्याचा संभव अधिक.

शिक्षकांसाठी एक सूचना करून थांबतो. चिंचोके आणि चिठ्ठ्या घेऊन हा सारा खेळ वर्गात करता येतो. प्रत्येक मुलाने एका चिठ्ठीवरचा गुप्त क्रमांक घ्यावा. देवाणघेवाण चिठ्ठीपेटीतून व्हावी आणि ती फळ्यावर फक्त क्रमांकाने लिहावी. मग एका क्रमांकाने दहा चिंचोके "चोरले" असे जाहीर करून वर्गाला चोर शोधायला सांगावे. फळ्यावर सारे लिहिलेले असूनही वर्ग अडखळेल. दुसऱ्या फेरीत चिंचोक्यांच्या बदल्यात पेन्सिल देणारा एक दुकानदार नेमावा आणि त्याने प्रत्येक गिऱ्हाइकाचे नाव वहीत लिहावे. आता चोर सापडेल. तिसऱ्या फेरीत चोराला आपली पेन्सिल दुसऱ्याकडून आणवण्याची मुभा द्यावी आणि वर्ग कुणाला पकडतो ते पाहावे. ज्या मुलाने सहज म्हणून पेन्सिल आणून दिली, त्याचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असतो. पुढचा अर्धा तास तुम्हाला काही शिकवावे लागणार नाही.